लेबल नसलेला डबा

माझा नवरा मिलिंद गुरुवारी गेला. ऑफिसच्या पार्किंगमध्ये पडला, कोणीतरी ॲम्ब्युलन्स बोलावली, आणि हॉस्पिटलमधून मला फोन आला. शनिवारी तात्या आले.

त्या दिवशी आमच्या रिचमंड हिलच्या घरात बरीच माणसं होती. मराठी मंडळातल्या बायकांनी जेवणाचे डबे आणले होते, किचनमध्ये कोणी ना कोणी चहा करत होतं. येणारा प्रत्येक जण माझा हात हातात घेई आणि काय बोलावं हे न सुचून सोडून देई. तात्यांनी दारात बर्फाचे बूट काढले, कोटाची घडी करून ती हातावर घेतली आणि मला विचारलं, "खाली पावडर किती आहे? आणि प्रायमर तिच्याजवळ नाहीत ना ठेवलेले?"

त्यांच्या मागून शालिनीकाकू, म्हणजे त्यांची बायको, हळूच म्हणाल्या, "अहो, आज तरी."

"आजच," तात्या म्हणाले. "एवढी माणसं आलीत. आत्ता कोणीतरी मुलांना बेसमेंटमध्ये खेळायला पाठवेल."

आजूबाजूच्या लोकांना ते विचित्र वाटलं असणार. मला नाही वाटलं. गेल्या दोन दिवसांत मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता, ज्याचं उत्तर शोधायला उठून जावं लागणार होतं. मी उठले आणि त्यांच्याबरोबर खाली गेले.

तात्या मूळचे नागपूरचे. सत्तरच्या दशकात देश सोडून इकडे आले आणि निवृत्त होईपर्यंत हॉस्पिटलात फार्मसिस्ट होते. मंडळात त्यांना 'बंदूकवाले तात्या' म्हणत. या नावामुळे नव्याने आलेली माणसं त्यांच्यापासून थोडी लांब बसत. प्रत्यक्षात त्यांनी कागदाशिवाय कशालाही गोळी मारली नव्हती, आणि पिकनिकला बार्बेक्यूच्या एका कोपऱ्यात त्यांची वांगी वेगळ्या फॉइलमध्ये भाजली जात. त्यांना रायफलीचं जेवढं वेड होतं, त्याहून जास्त तिच्या काडतुसांचं होतं. दुकानातली काडतुसं ते वापरत नसत. एकदा उडवलेली पितळेची केस, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, घरी आणायची, घासून पुसून पुन्हा मापात आणायची, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारा नवा प्रायमर बसवायचा, आत तोलून पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, घालायची आणि तोंडाशी बुलेट दाबून बसवायची. सगळी काडतुसं हुबेहूब एकसारखी झाली, तर लांबच्या कागदावरची भोकं एकमेकांना चिकटून पडतात. हा सगळा खटाटोप तेवढ्यासाठी.

"आयुष्यभर औषधं तोलली," ते म्हणायचे, "पण रोगी बरा झाला तो माझ्यामुळे की आपोआप, ते कधी कळलं नाही. इथे कागदच सांगतो."

मिलिंद त्यांचा शिष्य. सॉफ्टवेअरमधला माणूस, हाताने काहीतरी करावं म्हणून शोधत होता, आणि तात्या सापडले. आधी तो दर रविवारी नॉर्थ यॉर्कला त्यांच्याकडे जाई. मग आमच्याच बेसमेंटमध्ये बाक ठोकलं, त्यावर काडतुसं भरायचा प्रेस बसवला. मी खाली फारशी जात नसे. मी लायब्ररीत काम करणारी बाई, रविवार वाचण्यासाठी राखलेला. खालून तात्यांचा आवाज मात्र वर येत असे. पावडर तोलायच्या आधी ते नेहमी एकच वाक्य म्हणत, "आता घराला आग लागली तरच बोल." मग वरपर्यंत शांतता. मध्येच फोन वाजला, तर भरलेल्या सगळ्या केसेस परत बाटलीत रिकाम्या करून ते पहिल्यापासून सुरुवात करत.

शालिनीकाकू त्यांना चिडवायच्या, "माझ्या चहात साखर कधी इतकी मोजून घातली नाहीत."

"चहा फुटत नाही," तात्या म्हणायचे.

त्या शनिवारी खाली सगळं जागच्या जागी होतं. पावडर एका कपाटात, प्रायमर दुसऱ्यात. तात्यांनी दोन्ही कपाटं उघडून पाहिली आणि मान हलवली. माझ्याकडे परवाना नव्हता, म्हणून रायफल ते आपल्याकडे नेणार होते. मग त्यांना बाकावर प्लास्टिकचा एक डबा दिसला. आत काडतुसं रांगेनं उभी होती. नवीन, चकचकीत.

"हा मला हवाय," मी म्हणाले.

"कशाला?"

"त्यानं शेवटची केलेली आहेत. मी परवाना काढीन आणि उडवीन. नाहीतर तुम्ही उडवा, मी बघीन."

तात्यांनी डबा उलटापालटा करून पाहिला. "लेबल कुठंय?"

ते राहिलं होतं. आदल्या रविवारी दुपारी बर्फ पडायला लागला आणि मिलिंद वर आला. जिन्यातूनच म्हणाला, "शोव्हल करून येतो, लेबलं राहिलीत." नंतर चहा झाला, वॉटर्लूला शिकणाऱ्या आमच्या मुलीचा, ईशाचा, फोन आला, सोमवार उजाडला.

"मग नाही," तात्या म्हणाले.

"पण तुम्हाला माहितीये त्यात काय आहे ते. तुम्ही दोघांनी मिळूनच माप ठरवलं होतं."

"जवळजवळ माहितीये." त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. "त्यानं या महिन्यात दुसरी एक पावडर आणली होती. दोन्ही दिसायला सारख्या. एकीचं माप दुसरीला लावलं तर रायफल फुटते. अंजली, रायफल गालाला लावून उडवतात."

"मिलिंद चुकला नसेल."

"नसेलच. माझंही तेच मत आहे. पण 'नसेल' असं लेबल लावता येत नाही."

मी रडायला लागले. गुरुवारपासून मी नीट रडले नव्हते. तात्यांनी मला थोपटलं नाही की समजावलं नाही. खिशातून पेन काढलं, कागदाच्या पट्टीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'माहीत नाही. उडवू नये.' त्याखाली तेच इंग्रजीत. पट्टी डब्यावर चिकटवली, डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"यांचं काय करायचं ते आज ठरवू नकोस," ते म्हणाले. "उडवायची नाहीत, एवढंच आज ठरलं."

रायफलीचं खोकं घेऊन ते गेले. जाताना जेवलेही नाहीत. काकूंनी नंतर सांगितलं की गाडीत बसल्यावर त्यांनी बराच वेळ गाडी सुरूच केली नाही.

तो २०१६ सालचा फेब्रुवारी. पुढे कितीतरी संध्याकाळी मी किल्ली घेऊन खाली जायचे, कपाट उघडून डब्याकडे बघायचे आणि पुन्हा बंद करायचे. रीडिंग वीकच्या सुट्टीत ईशा पुन्हा घरी आली तेव्हा माझ्या मागोमाग खाली आली. इंग्रजी ओळ वाचून म्हणाली, "मॉम, सो हू नोज?" मी म्हटलं, तात्यांना जवळजवळ माहितीये. ती परत गेल्यावर माझ्या मनात आलं, की माझ्यानंतर हा डबा तिच्याकडे जाईल, आणि तिला तर 'जवळजवळ'ही माहीत नसेल.

बर्फ वितळल्यावर मी तात्यांना फोन केला. "ती काडतुसं सोडवून टाकू या," मी म्हणाले. त्यांनी कारण विचारलं नाही. "उद्या येतो, जेवायला भरली वांगी कर," एवढंच म्हणाले.

काडतूस सोडवायला एक प्लास्टिकची हातोडी असते. काडतूस तिच्या डोक्यात अडकवायचं आणि लाकडावर ठोकायचं, की बुलेट आणि पावडर सुटून आत पडते. तात्यांनी आधी मला जाड चष्मा लावायला दिला, मग हातोडी दिली. "तू सोडव. मी पुढचं बघतो." मला वाटलं, पावडर ते सरळ एका भांड्यात ओततील. टाकूनच तर द्यायची होती. पण त्यांनी आपला जुना तराजू बाकावर मांडला होता. पहिल्या काडतुसाची पावडर पारड्यात घातली, वजन सरकवून काटा रेषेवर आणला, आणि त्यानंतर वजनाला हात लावला नाही.

मी ठोकत होते, ते ओतत होते. काटा वर जाई, खाली येई, हलत राही, आणि त्याच रेषेवर थांबे. दुसऱ्या काडतुसाला थांबला. तिसऱ्याला थांबला. निम्मा डबा झाल्यावर मी ठोकायच्या आधी काट्याकडे बघायला लागले, आणि नंतर तर बघायचीही गरज उरली नाही, तरी बघत राहिले. एकदाही काटा सरकला नाही.

शेवटची पावडर तोलून झाल्यावर तात्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "सांगितलं होतं तसंच केलंय पोरानं," ते म्हणाले.

"मग उडवता आली असती."

"हो," तात्या म्हणाले. "आली असती."

त्यांनी स्वतःची बाजू मांडली नाही. यासाठी मी त्यांची आजही ऋणी आहे. आणि त्या तोलण्यासाठी, जे करायची काहीच गरज नव्हती. काडतुसं उडवली असती तर मोठा आवाज झाला असता, कागदाला भोकं पडली असती आणि मी घरी आले असते. तात्यांनी मला माझ्या नवऱ्याचं काम पारड्यात घालून एकेक करून दाखवलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत मी ते कधी पाहिलं नव्हतं.

पावडर त्यांनी मागच्या अंगणात लायलॅकच्या मुळाशी पातळ पसरली. "यात नायट्रोजन असतं. झाडाला चालतं," म्हणाले. मग हात धुऊन जेवायला बसले आणि वांगी थोडी अळणी झाल्याचं सांगितलं. काकूंनी कपाळाला हात लावला.

केसेसच्या बुडाशी प्रायमर अजून होते. तेही उडवून रिकामे करायचे होते, म्हणून तात्या मला शहराच्या उत्तरेला त्यांच्या क्लबच्या नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेले. मी मिलिंदच्या रायफलीमागे पहिल्यांदा आडवी झाले, ती या रिकाम्या केसेस घेऊन. तात्या शेजारी गुडघ्यावर बसून एकेक केस हातात देत होते. चाप ओढला की नुसता 'टप्' असा आवाज होई. दोन्ही बाजूंना माणसं मोठ्या आवाजाची काडतुसं उडवत होती. शेजारच्या म्हाताऱ्या गोऱ्या माणसानं एकदा वळून पाहिलं. तात्यांनी त्याला काहीतरी सांगितलं, तसा त्यानं आपली रायफल बाजूला ठेवली आणि आमचं होईपर्यंत तो थांबला.

पुढची दोन-अडीच वर्षं मी त्यांच्याकडे शिकले. कोर्स केला, परवाना काढला. सुरुवात नेहमी पुस्तकातल्या सर्वांत खालच्या मापापासून. "वरच्या मापाची घाई झालेल्यांना मी हॉस्पिटलात औषधंही दिलीत," ते म्हणायचे. बाकावर एका वेळी एकच पावडर. भरलेल्या केसेसमध्ये टॉर्चनं एकदा तू बघ, एकदा मी बघतो. माझं लक्ष भटकलं की ते म्हणत, "आज रायफल राहू दे, चहा पिऊ." मला यात बक्षिसं मिळवायची नव्हती आणि मिळालीही नाहीत. पण रविवारी दुपारी तासभर फक्त एका काट्याकडे बघायचं असे, आणि त्या तासात मी कोणाची विधवा नसे.

मिलिंदच्या केसेस मी पुन्हा पुन्हा भरत होते. एकदा त्यातली एक गळ्याशी तडकलेली निघाली. मी ती मुठीत धरून बसले. तात्यांनी हात पुढे केला. "त्याची असली तरी तडकलीये," म्हणाले. मी दिली. त्यांनी ती पक्कडीनं चेपून भंगाराच्या डब्यात टाकली.

मग त्यांचे डोळे गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी काटा दिसेना, मग रेषा. एका रविवारी त्यांनी तराजू माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "तू वाच, मी ऐकतो." त्यानंतर नेहमी तसंच. पुढे ते आणि काकू मिसिसागाला मुलाजवळ कॉन्डोमध्ये राहायला गेले. तिथे बेसमेंट नव्हतं. तराजू त्यांनी मला दिला, रंगीत गिफ्ट पेपर न लावता, टॉवेलात गुंडाळून. मी दर आठवड्याला फोन करून कागदावर भोकं कशी पडली ते सांगत असे. "आणि डब्याला लेबल?" ते विचारत. "लावलं," मी सांगत असे.

गेल्या शरदात तात्या गेले. काकूंच्या घरी माणसं जमली होती. मी बूट काढले, कोट हातावर घेतला आणि विचारलं, "काकू, तात्यांच्या डोळ्यांत घालायच्या औषधाच्या उघड्या बाटल्या कुठे आहेत? नातवंडं आहेत घरात." काकू उठून मला बाथरूमच्या कपाटाशी घेऊन गेल्या.

खाली बाक आहे, प्रेस आहे, तात्यांचा तराजू आहे. मिलिंदच्या केसेसपैकी काही तडकल्या, त्या टाकून दिल्या. बाकीच्या वापरात आहेत.