बाबांची उडिया

डॉक्टरांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, तेव्हा बाबांनी वर्तुळ इतकं सुरेख काढलं की मला हायसं वाटलं. तारापूरच्या कारखान्यात जन्मभर फिटर म्हणून काम केलेला माणूस. त्यांचा हात चुकायचा नाही. मग आकडे भरायला घेतले आणि सगळे एका बाजूला गोळा झाले. काटे कुठे लावायचे तेच सुचेना. कागद माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, "बाय, ह्यात कायतरी बिघाड हाय."

स्मृतिभ्रंशाची सुरुवात होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं आणि काहीतरी नवं शिकत राहा म्हणाल्या.

बोईसरच्या घरी आल्यावर आईने चहा टाकला. बाबांनी मला समोर बसवलं. "तू कॉलेजात हेच शिकवतेस ना? मंग नीट सांग. आत झालंय काय?"

मी पालघरला राहते, तिथेच जीवशास्त्र शिकवते. एम.एस्सी.ला असताना माझा प्रकल्प मज्जातंतू वाढवणाऱ्या एका प्रथिनावर होता. उंदराच्या गाठीतून वाढवलेल्या पेशी काचेच्या बशीत असायच्या, साबुदाण्यासारख्या गोल. त्यात ते प्रथिन थेंबभर घातलं की काही दिवसांत त्यांना बारीक धागे फुटायचे. धागे लांबत एकमेकांपर्यंत पोचायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सूक्ष्मदर्शकापासून उठायलाच तयार नव्हते. आठवणीसाठी लागणाऱ्या मेंदूतल्या काही पेशी याच प्रथिनावर जगतात, ते पोचेनासं झालं की त्या सुकत जातात, हे मी बाबांना माझ्या परीने सांगितलं.

"मंग तेच औषध घालायचं. मिळत नाय?"

"बाहेरून दिलं तर रक्तातून मेंदूत शिरत नाही, बाबा. मध्ये अडसर असतो. आणि बाकीच्या अंगात गेलं तर वेदना वाढतात."

"म्हणजे सील घट्ट हाय," बाबा म्हणाले. फिटरला ते लगेच कळलं. "आतल्या आत बनत असेल ना थोडं?"

आणखी एक तसलंच प्रथिन मेंदू स्वतः बनवतो; चालल्यावर, नवं काही शिकल्यावर ते वाढतं असं दिसलंय, असं मी म्हणाले. त्याने आजार बरा होतो असं मात्र कोणी सिद्ध केलेलं नाही, हेही सांगितलं. खोटी आशा त्यांना कधीच आवडली नाही.

"नसेल बरा होत. पण बसून काय करू?" एवढं म्हणून त्यांनी चहा संपवला.

आमच्या मागच्या खोलीत ओडिशातलं एक तरुण जोडपं भाड्याने राहतं. नवरा कारखान्यात जातो, ती दिवसभर एकटी. दुसऱ्या दिवशी बाबा तिच्या दारात जाऊन उभे राहिले आणि हिंदीत म्हणाले, "बेटी, हमको तुम्हारी भाषा सिखाओ." ती आधी घाबरली, घराबाहेर काढतात की काय म्हणून. मग हसत सुटली.

पहिला शब्द तिने सांगितला, पाणी. बाबा नाराज झाले. "हे तर मला येतं!" भात, तेही येत होतं. मग तिने केळ्याला कदळी म्हटलं आणि बाबा खुर्चीतून अर्धे उठले. संध्याकाळी मला फोन. "बाय, हिला ळ येतो! कारखान्यात इतकी वर्षं हिंदीवाल्यांना 'टिळक' म्हणायला शिकवून दमलो. हिला आपसूक येतो!"

त्यानंतर रोज सकाळी चालून आले की बाबा तिच्या ओट्यावर बसू लागले. ती भाजी चिरायची, हे शब्द घोकायचे. ती त्यांना मौसा म्हणायची. आई आतून ओरडायची, "घरात माझ्याशी मराठीत बोलायला माणूस नाय आणि हे उडिया शिकतायत!" पण माहीमहून मावशीने पाठवलेले बोंबील तळले की पहिली वाटी मागच्या खोलीत जायची, तीही आईच्याच हातून.

काही महिन्यांनी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "या कोण?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. माझं नाव त्यांना सापडत नव्हतं, 'मुलगी' हा शब्दही सापडत नव्हता. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "झिअ," ते म्हणाले. "मोर झिअ."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. मी म्हटलं, "थांबा, बरोबर आहे. उडियात 'मोर झिअ' म्हणजे 'माझी मुलगी'." बाबा फोनवर रोज नवा शब्द ऐकवायचे, त्यातलाच हा एक. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि बाबांना म्हणाल्या, "मला पण शिकवा."

चाचणीचे गुण थोडे उतरलेच होते. आजार त्याच्या गतीने पुढे चाललाय. त्या शब्दांनी बाबांच्या मेंदूत एखादा धागा फुटला का, हे मला सांगता येणार नाही. बाबा खुशीत होते, जेवत होते, रोज चालत होते, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

यंदा मागच्या खोलीतली ती बाळंतपणासाठी गावी गेली. बाबा दोन-तीनदा बंद दारापर्यंत जाऊन परत आले. आईला ते पाहवेना. तिने मला बोलावून घेतलं. "तू शिकलेली हायस, तू बोल त्यांच्याशी त्या भाषेत." मग मी शिकायला बसले, बाबांपाशीच.

रविवारी आम्ही तिला व्हिडिओ कॉल लावला. तिच्या मांडीवर तान्ही मुलगी होती. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "घरकु केते आसिब?"

ती गोंधळली. बाबांनी माझ्या हातातून मोबाईल घेतला. "केते म्हणजे किती," ते मला म्हणाले. "घरी कधी येणार म्हणायचंय ना? केबे म्हण, केबे." आणि मग मोबाईल चेहऱ्याजवळ धरून स्वतःच तिला विचारू लागले.