इस्माईलभाईंची रेघ

इस्माईलभाई गेल्याचा रुबिनाचा फोन आला तेव्हा मी वडखळ नाक्यावर टायरवाल्याशी वाद घालत होतो. “काका, अब्बा गेले. सकाळी चाय घेतली आणि...” दफनाला वेळेत पोहोचलो, माती दिली. जे त्यांना जिवंतपणी सांगायचं होतं ते तेव्हाही मनातच राहिलं. त्याला आता दीड महिना झाला.

माझं गॅरेज पेणला, आणि नव्वदच्या दशकात डोक्यात मोटार-रॅलीचं खूळ. जीप चालवायचा माझा धाकटा भाऊ नंदू, आणि ती चालण्याजोगी ठेवायचे इस्माईलभाई. आखातातल्या वर्कशॉपमध्ये बारा वर्षं काढून ते रोह्याजवळ वरशाला परतले होते. शर्यतीआधी ते गाडीखाली सरपटत जात, एकेक जोड पान्याने ठोकत, कान देऊन ऐकत, आणि मन भरलं की पुढच्या डाव्या चाकावर वरून खाली एक पांढरी रेघ ओढत. त्यासाठी पेणच्या गणपतीच्या कारखान्यातला फुटक्या मूर्तीचा प्लास्टरचा तुकडा त्यांनी खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत जपून ठेवला होता. रेघ पाहिल्याशिवाय नंदू आत बसत नसे. एकदा त्यांनी रेघ दिली नाही, तेव्हा आम्ही मुकाट गाडी टेम्पोवर चढवून घरी आणली होती. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही... त्यांना त्याचं काही वाटलं नसावं.

मग मला मोठं व्हायची घाई झाली. पुण्याचे देसाई इंजिनिअर तेव्हा नावाजलेले होते. दोन जिंकणाऱ्या टीमच्या गाड्या त्यांनी बांधलेल्या. ते आमच्यासारख्यांकडे येतील असं कुणाला वाटलं नव्हतं, पण आले. वडखळच्या हॉटेलात चहा पिताना त्यांनी एकच गोष्ट विचारली, गाडीबाबत शेवटचा शब्द कुणाचा? मी म्हटलं, तुमचाच. त्याच संध्याकाळी वरशाला जाऊन इस्माईलभाईंना सांगितलं की साहेब फक्त आखणी करतील, रेघ तुमचीच. माझ्या तोंडात कायम खडीसाखर. समोरच्याला जे ऐकायचं ते मी बोलतो, आणि निस्तरायला दुसरं कुणीतरी असतं. देसाईंना मी दोष देणार नाही. त्यांनी गाडी खरोखर पळती केली, आणि इथे रेघेशिवाय गाडी हलत नाही हे त्यांना मी कधी सांगितलंच नव्हतं.

व्हायचं ते पहिल्याच रॅलीत झालं. सुटायला दहा मिनिटं उरली असताना इस्माईलभाई गाडीखालून बाहेर आले. “उजव्या चाकाच्या आर्मचा आवाज बसका हाय. वेल्डिंग परत करूया.” देसाई म्हणाले, उशीर झाला तर आपण बाद होऊ, आर्म आजचा दिवस सहज काढेल. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. एवढी रॅली नको म्हटलं असतं तर देसाई टीम सोडून गेले असते, आणि मला तेच नको होतं. मी म्हटलं, जाऊ दे गाडी. देसाई कागद घेऊन आयोजकांच्या टेबलाकडे गेले, आणि मी हळूच इस्माईलभाईंना रेघ मारायला सांगितलं. त्यांनी डबी उघडून तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवला.

“शेठ, मागून रेघ मिलत नाय. पायजे तर तुमी मारा.”

मी मारली. नंदू आला, चाकाकडे पाहिलं, आत बसला. दुसऱ्या वळणावर आर्म तुटला. नंदूचा गुडघा गेला तो गेलाच.

आयोजकांनी चौकशी केली, गाडी पास कुणी केली, रेघ कुणाची? मी तोंड उघडायच्या आत इस्माईलभाई म्हणाले, माझी. बाहेर आल्यावर मी विचारलं, हे का केलंत? म्हणाले, “तुमी दोघं भाव एका घरात ऱ्हाता. तुमच्यात आग नको.” मी ते तसंच राहू दिलं, आणि मनातून सुटल्यासारखं वाटलं हेही लिहून टाकतो. देसाई पुण्याला परतले, टीम मोडली. इस्माईलभाईंच्या हाती मात्र पुन्हा कुणी शर्यतीची गाडी दिली नाही. ज्या माणसाचा कान साऱ्या तालुक्यात वाखाणला जायचा, तो शेवटपर्यंत रोह्यात रिक्षा आणि ट्रॅक्टर दुरुस्त करत राहिला. ईदला मी शिरखुर्मा खाऊन येई, आणि ‘माफ करा, नंदूला खरं सांगतो’ हे दर वेळी पुढच्या ईदवर ढकलत असे.

दफनानंतर रुबिनाने ती डबी माझ्या हातात दिली. अब्बांनी तुमच्यासाठी ठेवली होती, म्हणाली. हा लेख छापायला देण्याआधी मी ती नंदूसमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, उठून जाईल. तो गुडघा चोळत बसून राहिला.

“दादा, मला ठाऊक होतं. भाईंची रेघ सरळ असायची. त्या दिवशीची वाकडी होती.”

मग तू बसलास कशाला, असं मी विचारलं.

“तू मारली होतीस म्हणून.”

दर महिन्याला तो वरशाला इस्माईलभाईंकडे जात होता, हे मला त्या दिवशी कळलं. दोघांनी हा विषय एकदाच काढला होता. तेव्हा इस्माईलभाई म्हणाले होते, शेठ स्वतः सांगेल, तू विचारू नको... ती डबी आता गॅरेजच्या टेबलावर असते. पाहणीला आलेली गाडी सोडण्याआधी मी तिच्याखाली जातो, जोड ठोकतो आणि ऐकत पडून राहतो. कान त्यांचा नाही, त्यामुळे वेळ लागतो. रेघ अजून एकाही गाडीवर ओढलेली नाही.