आंबट मातीतले वाल

चंद्रा नि मी मिळून शेवटचं काम केलं ते चुलीची राख चाळायचं. आज शेजारणीनं राखेवर पाणी ओतलं, तो वास आला आणि समुद्रापलीकडच्या ग्रां बुआ गावातली ती संध्याकाळ आठवली.

उसाच्या मळ्यामागं आमचा एक वाफा होता. माझ्या बायकोनं, चंद्रानं, माहेरचे वाल जहाजातून आणलेले. ते दोनदा पेरले. निम्मे कुजले, उगवले ते पिवळे पडून मेले. आता मूठभरच उरले होते. तिनं चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"अहो, आंबट आहे ही. तुमच्या बोलण्यासारखी."

"मग राख टाक, आत्ताच पेरू."

"ताजी राख कोंब जाळते. आठ दिवस मुरू द्या. एकदा तरी माझं ऐका."

बाई उगाच अडवते, असं मी तोंडावर म्हणालो. तिनं हसून राखेच्या हातानं माझी दाढी ओढली.

त्याच रात्री पटकीनं ती गेली.

तेव्हा मला तो तिचा हट्ट वाटला होता. आता कळतं, त्या मुठीत तिचं अख्खं माहेर होतं.

दुसऱ्या सकाळी तिला अग्नी देऊन आलो. वालाची पुरचुंडी सोडली, पुन्हा बांधून फळीवर ठेवली आणि चाळलेली राख वाफ्यात मिसळून, आठ दिवस मुरायला नुसतं पाणी घातलं.