राणीच्या बागेत आई सूर्य झाली

मुंबईत प्लेग यायच्या आधीची ही गोष्ट. आम्ही लालबागेत राहत होतो. वडील गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. आमच्या घराजवळच एका माडीवर मुलींची शाळा भरे, आणि पुण्याला शिकून आलेल्या एक बाई आम्हाला शिकवत. सूर्य जागचा हलत नाही, पृथ्वीच त्याच्याभोवती फिरते, असं त्यांनी एकदा सांगितलं. मी घरी येऊन ते आईला सांगितलं तर ती चुलीपुढून तिच्या मालवणीत म्हणाली, "पृथ्वी फिरता, तर माझी घागर कित्या सांडणा नाय?" मी जाऊन घागरीत डोकावून आले.

त्याच सुमारास एका पारशी गृहस्थांनी विलायतेहून ग्रहमालेचं यंत्र आणलं आणि राणीच्या बागेत तंबू ठोकून ते लोकांना दाखवायला सुरुवात केली. बाईंनी आम्हाला न्यायचं ठरवलं. आईने ऐकल्याबरोबर सांगून टाकलं, "मीय येतंय. तुझी बाई काय शिकयता, तां माका बघूचा आसा." लाजेने मी आधी रडकुंडीला आले, पण आई कुठली ऐकतेय? चिंचपोकळीवरून आमची रांग बागेकडे निघाली तेव्हा सगळ्यात शेवटी, नाकासमोर बघत, ती चालत होती.

तंबूत अंधार होता. मधोमध काचेच्या गोळ्यात दिवा, आणि त्याच्याभोवती पितळी दांड्यांवर लहानमोठे गोळे. एकाला तर कडं घातलेलं होतं. पारशीबाबांनी दांडा फिरवला. गोळे हलले, आमच्या तोंडून "अगंबाई!" निघालं, आणि तेवढ्यात आत काहीतरी कटकन मोडलं. पृथ्वी होती तिथेच थांबली. त्यांनी झाकण काढून बघितलं, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "आज नाय होणार, बाई. चाकाचा दात तुटला."

मुलींची तोंडं एवढीएवढीशी झाली. बाई म्हणाल्या, "चला, बाहेर हिरवळीवर. आपणच ग्रह होऊ."

बुध कोण, शुक्र कोण, हे भराभर ठरलं. पृथ्वी झाली माझी मैत्रीण. ती आणि मी रोज शाळा सुटली की फुगडी घालायचो, म्हणून बाईंनी मला तिचा चंद्र केलं. सूर्यासाठी मात्र सगळ्यांना दिसेल असं कुणीतरी मोठं माणूस हवं होतं. बाई आईकडे वळल्या. "तुम्ही मधे उभ्या राहाल?"

"मी? माका काय येता?"

"काही करायचं नाही. फक्त जागचं हलायचं नाही. सगळ्या तुमच्याभोवती फिरतील."

आईने पदर खोचला आणि ती हिरवळीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. आम्ही फिरायला लागलो. बघता बघता माळी जमले, पोराबाळांना घेऊन आलेली गिरणीतली माणसं जमली. त्यांतून पगडीवाले एक गृहस्थ काठी टेकत थेट आमच्यात आले. "मुलींना भर बागेत नाचवता? लाज नाही वाटत?"

बाईंचा चेहरा लाल झाला. त्या काही बोलणार, एवढ्यात आईचाच आवाज आला. "ह्यो नाच न्हय. हयसून ग्रह जातत. वायंच मागे सरा!"

लोक हसले. गृहस्थ मागे सरले, पण निघून काही गेले नाहीत. शेवटपर्यंत बघत राहिले.

आता पारशीबाबाही तंबूबाहेर येऊन उभे होते. मी धावत पृथ्वीला फेऱ्या घालत होते. ते म्हणाले, "बाई, चंद्र चुकते. चंद्र पृथ्वीला कधी पाठ दाखवत नाय. एकच तोंड तिच्याकडे ठेवते."

मी थांबले. एकच तोंड ठेवायचं आणि फिरायचं कसं? मैत्रिणीकडे बघितलं आणि मला फुगडी आठवली. फुगडीत समोरच्या मुलीच्या कपाळावरच्या कुंकवावर नजर ठेवली की घेरी येत नाही. मी तिच्या कुंकवावर नजर लावली आणि तोंड तिच्याकडे ठेवून आडवी पावलं टाकत तिच्याभोवती फिरले. ती पुढे सरकली की मीही सरकायची.

"शाबास!" बाई ओरडल्या. मग त्यांनी पृथ्वीला विचारलं, "काय गं, तुला चंद्राची पाठ दिसली?"

"नाही, बाई. तिचं तोंडच दिसतंय."

त्यावर मधूनच आई म्हणाली, "माका तर हिची पाठय दिसली नि तोंडय दिसलां. चारी बाजूंनी दिसली."

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. पारशीबाबांनी टाळी वाजवली. "बरोबर! सूर्याला चंद्र सगळा दिसते. माझी मशीन बघून हे अजून कोणी बोलला नाय!" पृथ्वीभोवती फिरताना चंद्राची एकेक बाजू आळीपाळीने सूर्याकडे येते, हे बाईंनी तिथेच सगळ्यांना उलगडून सांगितलं, आणि काठीवाल्या गृहस्थांनी ते दोनदा विचारून घेतलं. बाई बोलत होत्या तेव्हाही आई जागची हलली नव्हती. कुणी 'आता पुरे' म्हटलंच नव्हतं ना! तिच्या नाकातली नथ उन्हात चमकत होती आणि मान अशी ताठ की मी तिला तशी कधी बघितली नव्हती. इतक्या लोकांत ही माझी आई आहे हे ओरडून सांगावंसं मला वाटत होतं.

परतताना ती रांगेच्या शेवटी नव्हती. बाईंच्या बरोबरीने चालत काही ना काही विचारत होती.

संध्याकाळी वडील आले तेव्हा शेजारणी जमून माझ्याकडून बागेतली हकीकत ऐकत होत्या. सगळं ऐकून वडील हसले आणि म्हणाले, "म्हणजे आता हिची शाळा पुरे ना? पुढच्या वर्षी लग्नाचं बघू."

"लगीन खंय पळान जाता?" आई म्हणाली. "बाईंकडे आसा तितक्या सगळ्या शिकांदे तिका."

वडिलांनी वाद घातला नाही. मी आणखी तीन इयत्ता शिकले. आमच्या चाळीत तेवढं शिकलेली मुलगी तोवर दुसरी नव्हती. कुणी विचारलं तर आई माझी इयत्ता सांगत नसे. म्हणायची, "माझा चेडू राणीच्या बागेत चंद्र झालेला." आपण कोण झालो होतो, ते तिने कधी स्वतःहून सांगितलं नाही. ते मीच सांगत आले.