गेमची मशीन खपते कशावर

दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसलं की किस्से साचतातच. आमच्या माळ्यावर रिकामे खोके साचलेत ना, तसेच!

माझा दिनेश गोडाऊनची ड्युटी सोडून काल्हेरला, नव्या बिल्डिंगीखाली, टीव्हीवर खेळायच्या गेमच्या मशीन विकायला लागला. सून सुनीता म्हणाली, "धनतेरसपर्यंत बघते. न्हाय चाललं तर मीच येऊन कुलूप लावीन. मग परत गोडाऊन!"

दिनेशचं तोंड एवढंसं झालं. तेव्हापासून मी रोज दुकानात बसते.

*

पहिलं गिऱ्हाईक आलं. दिनेशने अर्धा तास मशीनचं कौतुक सांगितलं. स्पीड काय, पिक्चर काय! त्या माणसाने सगळं ऐकून विचारलं, "यात क्रिकेट हाय का?"

नव्हतं. गेला!

मी म्हटलं, "दिनेश, लोक तवा बघायला येत न्हायत रे. भाकरी बघायला येतात." दुसऱ्या दिवशी त्याने क्रिकेट आणून टीव्हीवर चालू ठेवलं.

*

खोक्यावरचं मला वाचता येत नाही. मी रंगावरून ओळखते. पांढरी मशीन नवी, काळी जुनी.

कामतघरचे, कापडाच्या लूमवाले मन्सूरभाई मुलाला घेऊन आले. दिनेश पांढरी दाखवतोय, ते काळीच मागतायत. मी विचारलं, "नवी सोडून जुनी का ओ?"

"चाची, इसके सब दोस्तों के पास काली है. सफेद लेके अकेला किससे खेलेगा?"

त्यांच्याच गल्लीत आठवड्यात आणखी चार काळ्या गेल्या.

*

वळगावची एक बाई मशीन घेऊन गेली आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही पोरांना घेऊन हजर. एकाच्या कपाळाला टेंगूळ!

"रिमोट एक, पोरं दोन! मशीन तरी परत घ्या, न्हायतर पोरं तरी ठेवून घ्या!"

दिनेशने तिला दुसरा रिमोट दिला. तेव्हापासून आम्ही रिमोटची जोडीच दाखवतो.

*

समोरच्या रस्त्यावर दिवसभर ट्रक. धूळ म्हणजे काय विचारू नका! एक दिवस मी दहापैकी नऊ खोक्यांवर माझं जुनं लुगडं टाकलं. कपडा पुरला नाही म्हणून एक उघडा राहिला.

"आजी, एकच उरलाय?" एका गिऱ्हाइकाने विचारलं.

"समोर तर एकच दिसतोय, बाबा."

घेतला! मी लुगड्याखालून पुढचा काढून ठेवला. संध्याकाळपर्यंत लुगड्याखाली काही उरलं नाही. दिनेश म्हणाला, "आई, काय केलंस?" मी म्हटलं, "धूळ झटकली."

*

पण तो एक दिवस. मग पुन्हा सामसूम.

धनतेरसला सुनीता आली, पिशवीत कुलूप घेऊन. मी म्हटलं, "बस जरा. जायच्या आधी एक ओव्हर टाक मला."

"आई, मला न्हाय येत."

"मला तरी कुठे येतं!"

ती बसली. तिने माझा त्रिफळा उडवला. मी म्हटलं, "नो बॉल!" ती म्हणाली, "टीव्ही काय खोटं बोलतो?" मी रिमोट सोडेना, ती बॅटिंग मागतेय. आमचा आवाज रस्त्यापर्यंत!

बघते तर दारात माणसं. पुढचा एकजण दिनेशला म्हणाला, "सासू-सून शेजारी बसतात ती मशीन कुठली? तीच द्या!"

मागून दुसरा ओरडला, "मला पण!"

दिनेश बावरला. "सुनीता, कुलूप..."

तिने टीव्हीवरची नजर न काढता पिशवी मागे सरकवली. "ते ठेव तिकडं कुठंतरी. आणि आई, रिमोट सोडा. तुम्ही कवाच्या आऊट झाल्यात!"