चौदाच खांब

एकोडीच्या पुढे एका लहान गावातल्या शाळेत मी सहावी-सातवीला गणित शिकवते. आमच्याकडची गणित स्पर्धा अशी असते: आधी शाळेत लेखी पेपर, मग तालुक्याला दुसरा, आणि त्यातून वर आलेल्या शाळांची भंडाऱ्याला तोंडी फेरी. आमची शाळा तालुक्याच्या वर कधी गेली नव्हती. त्या वर्षी गेली. सातवीतल्या तीन मुलींचा संघ होता. मुख्याध्यापक म्हणाले, "जाऊन या मॅडम. पोरींना भंडारा तरी पाहायला मिळेल."

मला ते झोंबलं. भंडारा पाहायला आम्ही जात नव्हतो.

तिघींपैकी सगळ्यात कमी बोलणारी मुलगी गणितात सगळ्यात पक्की होती. तिच्या घरी धानाची शेती आणि तलावाला लागून भाजीची वाडी. कोणतंही गणित दिलं की ती आधी चित्र काढायची. मी तिला यावरून कितीदा रागावले असेन. "चित्रात वेळ जातो. सूत्र वापर." स्पर्धेत वेगाला मार्क असतात, हे मीच तिच्या डोक्यात भरत होते. ती मान डोलवायची आणि पुन्हा चित्र काढायची.

साकोलीहून एसटीने निघालो. कारध्याचा पूल येईपर्यंत तिघी एकमेकींना वर्गसंख्या विचारत होत्या. स्पर्धा एका मोठ्या शाळेच्या सभागृहात होती. पुढे संघांची टेबलं, प्रत्येक टेबलावर एक घंटी. शिक्षकांच्या खुर्च्या मागे, आणि शिक्षकांनी बोलायचं नाही असा नियम. उत्तर चुकलं की प्रश्न पुढच्या संघाकडे जायचा.

शेवटच्या प्रश्नापर्यंत आम्ही शहरातल्या एका शाळेच्या बरोबरीने पहिले होतो. परीक्षकांनी प्रश्न वाचला: वीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद आयताकृती बागेला चारही बाजूंनी कुंपण घालायचं आहे. कोपऱ्यापासून सुरुवात करून दर पाच मीटरवर एक खांब. एकूण खांब किती?

आमची घंटी आधी वाजली. "चौदा."

परीक्षकांनी हातातल्या उत्तरसूचीत पाहिलं. "चूक."

शहरातल्या संघाने सांगितलं, "पंधरा."

"बरोबर!" टाळ्या पडल्या.

उत्तर देणारी आमची ती कमी बोलणारी मुलगी खाली बसली नाही. "सर, चौदाच होतात."

"खाली बस. खांब विचारले की भागाकारात एक मिळवायचा, हे शिकवलं नाही का तुला?"

"शिकवलं न सर. ते सरळ रस्त्याले. वाडीले नाही. वाडीले फिरून आपण पहिल्याच खांबापाशी येतो. तिथं अजून एक खांब कायले गाडाचा?"

सभागृह हसलं. तिच्या गणिताला नाही, तिच्या 'कायले'ला हसलं. मी ऐकत होते आणि माझे कान तापले. मी उठून उभी राहिले.

"सर, तिचं उत्तर बरोबर आहे."

"मॅडम, नियम वाचले नाहीत का? उत्तरसूचीत पंधरा आहे."

"मग उत्तरसूची चुकली आहे."

आता कोणी हसलं नाही. आयोजकांपैकी एक जण उठून माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले की परीक्षकांचा निर्णय अंतिम असतो. मी विचारलं, हरकत कुठे नोंदवायची? तशी सोयच नाही, म्हणाले.

जेवणाची सुट्टी झाली. मैदानावर तिघी डबे न उघडता बसल्या होत्या. ती अचानक म्हणाली, "मॅडम, करूनच दाखवाचं का?"

तिने पावलं टाकून मैदानावर आयत आखला. एक पाऊल म्हणजे एक मीटर. मग खांब हवे होते. आपल्या दोघी मैत्रिणींना तिने कोपऱ्यांवर उभं केलं. बाकीच्यांना कोणी बोलावलं नाही. वेगवेगळ्या शाळांची मुलं गंमत पाहायला आली आणि ती म्हणेल तिथे उभी राहिली. पंधरा म्हणणाऱ्या संघातला मुलगाही एका कोपऱ्यावर उभा राहिला. मी आत जाऊन परीक्षकांना म्हटलं, "सर, दोन मिनिटं बाहेर या."

ते हातात ताट घेऊनच आले. मुलांच्या भोवती फिरत त्यांनी मोजलं. एकदा मोजलं, मग उलट दिशेने मोजलं.

तिने विचारलं, "सर, पंधरावा कुठं उभा करू?"

त्यांनी पुन्हा एकदा चारही कोपऱ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "बेटा, तुझं बरोबर आहे. पण निकाल जाहीर झाला आता." आणि आत गेले.

निकाल बदलला नाही. बक्षीस समारंभात आमचं नाव दुसऱ्या क्रमांकासाठी पुकारलं गेलं. जायचं की नाही ते तुम्ही ठरवा, असं मी मुलींना सांगितलं. तिघी गेल्या. प्रमाणपत्र घेतल्यावर दोन शब्द बोला असं कोणीतरी म्हटलं, आणि माझी न बोलणारी मुलगी माइकसमोर गेली. तिने दोन नाही, एकच शब्द उच्चारला. "चौदा."

पंधरा दिवसांनी शाळेत पत्र आलं: आपल्या शिक्षिकेने स्पर्धेची शिस्त मोडली, खुलासा करावा. मुख्याध्यापकांच्या निवृत्तीला एक वर्ष होतं. ते म्हणाले, "दोन ओळी माफीच्या लिहून टाका मॅडम. विषय संपेल."

"सर, माफी कशाची मागू? चौदाची?"

मी खुलासा लिहिला. वर आयत, त्यावर चौदा टिंबं, खाली हिशोब. शेवटी लिहिलं की मी नियम मोडला हे खरं आहे, पण बरोबर उत्तराला चूक म्हटल्यावर दाद मागायची सोय नसेल तर नियमच अपुरा आहे. हरकत नोंदवायची सोय करावी. मुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचलं. टिंबं बोटाने मोजली. मग खाली शिक्का मारला.

उत्तर आलं नाही. मात्र पुढच्या वर्षीच्या परिपत्रकात एक नवी ओळ होती: निकालानंतर अर्ध्या तासात संघाच्या शिक्षकाला कारणासह लेखी हरकत घेता येईल. ती ओळ कशी आली, हे आम्हाला कोणी कळवलं नाही. मी विचारलंही नाही.

यंदा मी पहिल्यांदा ती सोय वापरली. घड्याळाच्या काट्यांवरच्या एका प्रश्नाला हरकत घेतली. ती फेटाळली गेली. सोबत चार ओळींचं कारण होतं. मी वाचलं, माझीच चूक होती. दुसऱ्या दिवशी तो कागद मी सातवीत मोठ्याने वाचून दाखवला. "मॅडम चुकल्या, मॅडम चुकल्या!" मुलांनी वर्ग डोक्यावर घेतला. चुकले. पण कुठे चुकले ते आयोजकांना मला लिहून द्यावं लागलं.