एकाच नावाच्या तीन गाड्या

एकाच नावाच्या तीन गाड्या आमच्या दारात आल्या. कंपनी तीच, नाव तेच, पण तिघींचा स्वभाव तीन तऱ्हेचा. पहिली मी घेतली, बाकीच्या दोन पोरानं. पोरगा शिकलेला आहे, अमरावतीत नोकरी करते. मी चौथीत शाळा सोडली अन् वलगावच्या शेतात गेलो. तरी गाडीतलं त्याच्यापेक्षा मले जास्त समजते. हे मी त्याच्या तोंडावर सांगतो, मग इथं लिहायले काय लाजायचं.

पहिली एका डॉक्टरकडून जुनी घेतली होती. गाडी लहान अन् त्यात इंजिन मोठ्या गाडीचं. मागच्या काचेवर पंख लावलेला. डॉक्टर म्हणाले, हे स्पोर्ट मॉडेल आहे, तरण्या पोरांचं काम आहे, तुमी दुसरी पाहा. मी धोतर सावरून बसलो अन् चिखलदऱ्याच्या घाटात नेली. तिसऱ्या गिअरात घाट चढली, तेव्हाच मी ठरवलं. वलगावात लोक हसले. चावडीवर एक जण म्हणाला, "काकाजी, आता रेस लावता का?" मी म्हटलं, लाव तुझी मोटरसायकल. त्यानं काही लावली नाही.

ती बिघडली नाही असं मी म्हणत नाही. रेडिएटरचा पंखा जळाला, कॉइल गेली, एकदा धारणीहून येताना सेल्फनं दगा दिला अन् जीपवाल्यांनी धक्का मारला. पण बिघडली की काय बिघडलं ते दिसत होतं. परतवाड्याचा मिस्त्री असो की अमरावतीचा, बोनेट उघडून हात घाले अन् दिवस मावळायच्या आत गाडी घरी.

दुसरं मॉडेल आलं तेव्हा कंपनीनं टॅक्स वाचवायले इंजिन लहान केलं. पंख तेवढा ठेवला, दारावर लाल पट्टा वाढवला. पैलवानाचा लंगोट लावून ओट्यावर बसलेला माणूस असते ना, तशी गाडी. पोरानं हौसेनं घेतली. काचेच्या मोटरा गेल्या, मग सेन्सर गेले. सेन्सर म्हणजे काय ते पोरालेही सांगता येत नव्हतं, पण शोरूमवाले दर खेपेले तोच बदलत. शेवटी त्यानं ती विकून टाकली अन् तिसरी आणली. पुन्हा तेच नाव. मी म्हटलं, काहून रे, हात पोळले तरी त्याच चुलीत घालून राहिला?

तिसरी म्हणजे तीन सिलिंडरचं इंजिन, त्याले टर्बो, अन् गिअर आपोआप पडते. पळायले तेज आहे, मी खोटं बोलत नाही. पण टायर पातळ अन् पोट जमिनीले टेकलेलं.

ती आली अन् पोरगा माझ्या गाडीच्या मागं लागला. अंगणात दोन मावत नाहीत, जुनीचे पार्ट मिळत नाहीत, अन् बाबा, तुमचं आता वय झालं. पहिली दोन कारणं नुसते बहाणे होते. पोरगी अकोल्याले दिलेली आहे. मनात आलं की मी चाबी उचलून तिच्याकडे निघतो, कोणाले विचारत नाही. गाडी गेली की पोराच्या रविवारची वाट पाहत बसा. म्हणून मी त्याले म्हटलं, तुझ्या नव्या गाडीत अकोल्याले जाऊ. विनातक्रार पोचली तर माझी विकून टाक. नाही पोचली तर पुन्हा विषय काढायचा नाही. तो कबूल झाला.

आमच्याकडे लेकीच्या घरी कोणी रिकामं जात नाही. गव्हाचा एक कट्टा पुरे, असं पोरानं बजावलं होतं. तो आंघोळीले गेला तेव्हा मी दुसरा कट्टाही डिक्कीत टाकला, वर तुरीची डाळ, ज्वारी, अन् मागच्या सीटवर संत्र्याचे कॅरेट. माझी गाडी याच्याहून जास्त घेऊन जाते अन् हूं की चूं करत नाही.

मूर्तिजापूरपर्यंत तो मोठ्या मिजाशीत होता. चहासाठी गावात वळलो अन् पहिल्याच ब्रेकरवर खालून खाडकन आवाज आला. डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. त्यानं गाडी बाजूले घेऊन बंद केली. खाली वाकून पाहतो तर चेंबर फुटलेलं, सारं ऑइल रस्त्यावर.

"कट्टे कोणी भरले, बाबा?"

"दाणे न्यायले जमत नाही तर डिक्की कायले लावली तिले?"

शोरूमची उचलायची गाडी आली अन् त्याची नवीकोरी घेऊन गेली. आमी एसटी धरली. इस्त्रीच्या शर्टावर कट्टा घेऊन तो बसमध्ये चढला. ब्रेकर कंपनीनं बांधले नव्हते, हे त्यानं नंतर ऐकवलं. मी म्हटलं, ब्रेकर वऱ्हाडात नवीन नाहीत, कंपनीले माहीत पाहिजे.

पोरीनं दोघांचं ऐकून घेतलं अन् भावाले म्हणाली, "राहू दे त्यांची गाडी." तो लगेच कबूल झाला. इतक्या सहज तो कधी ऐकत नाही. मले तेव्हाच समजायले पाहिजे होतं.

पुढच्या महिन्यात पोरीले येतो म्हणून कळवलं, माझी काढली, भरली अन् एकटा निघालो. बडनेरा मागं पडलं तर आरशात ती नवीन दिसली. मी दाबली. ती तितकीच मागं. मी इंजिन ओरडेपर्यंत दाबली, तरी ती आरामात, जशी वरातीत चालली आहे. मग मी बाजूले थांबलो. तोही थांबला.

"काहून आला?"

"अकोल्याले चाललो."

"कोणं सांगितलं?"

तो फोनकडे पाहत राहिला. मी तिथूनच पोरीले फोन लावला अन् तिले चांगलं झापलं. तिनं सारं ऐकलं.

"बाबा, गाडीवर माझा भरोसा आहे," ती म्हणाली. "पण तुमी एकटे निघाले की माझं कशात लक्ष लागत नाही. तो मागं असला की स्वयंपाक तरी होते माझा."

मी पोराले म्हटलं, मग तू पुढं हो. तो म्हणाला, "तुमी चला, बाबा. मी येतो मागून."

अकोल्यापर्यंत तो तसाच मागं राहिला. एका घरून निघून एकाच घरी जायले दोन गाड्यांचं पेट्रोल जळालं. आता दर खेपेले हेच होते. त्याले चुकवायले एकदा उजाडायच्या आत निघालो, तरी लोणी गावाच्या पुढं आरशात तो होताच.